फट होती की नव्हती

"फट होती," नवरा म्हणाला. "वरच्या दोन दातांच्या अगदी मधोमध."

"नव्हती," ती म्हणाली.

"होती गं! नाणं अडकवलं असतं तर अडकून राहिलं असतं."

"माझ्या तोंडात नाणं कशाला अडकवाल? आणि दात कोणाचे होते, माझे की तुमचे?"

"दात तुझे. पण बघणारा मी ना? माणसाला स्वतःचे दात दिसतात का कधी? समोरच्याला दिसतात."

"आरशात दिसतात की."

"आरशात सगळं उलटं दिसतं," असं म्हणून नवरा जिंकल्यासारखा खुर्चीत मागे रेलला.

"बाबा, मधोमधची फट उलटी केली तरी मधोमधच राहते," मुलगी म्हणाली. पण तिचं लक्ष भांडणात नव्हतं. जेवणाच्या टेबलावर फोटोंचा पत्र्याचा डबा पालथा झाला होता आणि ती एकेक फोटो मोबाइलवर मोठा करून त्यात आईचं तोंड शोधत होती.

डॉक्टरांनी मागितली होती अगदी साधी गोष्ट. दात पडायच्या आधीचा, तोंड उघडं असलेला एक फोटो. म्हणजे नवे दात जुन्यांच्या वळणावर घडवता येतील. गेली काही मिनिटं चौघं मिळून तो शोधत होते आणि हळूहळू सगळ्यांच्या लक्षात येत चाललं होतं, की असा फोटो या घरात नाही. लग्नातल्या फोटोंत तिची मान खाली होती. सहलीच्या फोटोंत तोंडापुढे हात होता. मुलीच्या लहानपणीचे तर ढीगभर फोटो होते, पण त्यात आईचं म्हणून जे काही आलं होतं ते एक कोपर, नाहीतर मुलीला मागून धरलेले दोन हात. एका फोटोत मात्र तोंड थोडं उघडं सापडलं. मुलीने घाईघाईने तो मोठा केला. तोंडात टाचण्या होत्या.

"मला विचाराल तर फट नसावी," अक्का म्हणाली. अक्का म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. ती मागच्याच गल्लीत राहायची, रोज संध्याकाळी चहाला यायची आणि घरात चाललेलं भांडण मिटल्याशिवाय, किंवा नवीन लागल्याशिवाय, उठायची नाही. "फटकळ या शब्दातच फट आहे बघ. ही कधी फटकळ होती का? तोंड उघडून दोन शब्द बोलेल तर शपथ."

"अक्का, तू मध्ये पडू नकोस."

"मी कुठे पडतेय? दात पडलेत."

नवऱ्याने बोट वर केलं. तो पाणीपुरवठा खात्यात मीटर वाचायच्या कामावर होता, नुकताच निवृत्त झाला होता. धुळीने माखलेल्या काचेमागचा आकडा एकदा पाहिला की मरेपर्यंत डोक्यात बसतो, असं तो स्वतःबद्दल सांगायचा, आणि कोणी विचारलं नाही तरी सांगायचा. "माझी नजर आहे ही. हसली की त्या फटीतून जिभेचं टोक दिसायचं. अजून डोळ्यांसमोर आहे माझ्या."

"मी हसले कधी तुमच्यासमोर?" ती म्हणाली, आणि फोटो डब्यात भरायला लागली.

तिच्या तोंडून एका संध्याकाळी एवढी वाक्यं बाहेर पडलेली बघून अक्काने चहाचा दुसरा कप मागितला.

ती तयार कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात फिटिंगचं काम करायची. दुकानाच्या मागच्या भागात कपडे घालून बघायच्या खोल्यांची रांग होती. त्या रांगेसमोर तिचं मशीन, इस्त्री आणि एक चपटी उशी. गिऱ्हाईक नवी पँट घालून पडद्याबाहेर यायचं आणि मोठ्या आरशासमोर उभं राहायचं. ती त्या उशीवर गुडघे टेकायची, पायाशी कापड दुमडायची आणि ओठांत धरलेल्या टाचण्यांतली एकेक काढून लावायची. गिऱ्हाईक वरून विचारायचं, "फार आखूड नाही ना होणार?" ती मान हलवायची. "कधी मिळेल?" ती हाताने दोन बोटं दाखवायची. दोन तास की दोन दिवस, हे गिऱ्हाईक आपल्या स्वभावाप्रमाणे समजून घ्यायचं.

पहिला दात गेला तेव्हा दुकानात कोणाला कळलंसुद्धा नाही. दातांनी दोरा तोडून तोडून गेला, असं घरचे म्हणाले. हिरड्यांनी नेला, असं पुढे डॉक्टर म्हणाल्या. कोणीही नेलेला असो, त्याच्या मागोमाग शेजारचे ढिले झाले, आणि काही वर्षांत वरचे समोरचे चार आणि त्यांच्या डाव्या बाजूचा एक, असे पाच गेले. तोंडात टाचण्या असलेल्या बाईने बोलावं अशी कोणाची अपेक्षाच नसते. म्हणून पुढे पुढे हातात काम नसलं तरी दोन टाचण्या तिच्या ओठांत असायच्या. मध्यंतरी एक स्वस्तातली कवळी करून घेतली होती, पण ती बोलताना टकटक वाजायची आणि एकदा एका गिऱ्हाइकाच्या बुटावर पडली. तेव्हापासून ती घरी ग्लासात राहत होती.

याचा एक परिणाम असा झाला, की तिची कीर्ती वाढली. दुकानातल्या बायका आपल्या नवऱ्यांच्या आणि सासवांच्या गोष्टी तिच्याजवळ येऊन सांगायला लागल्या, कारण ती मध्ये बोलत नव्हती. मॅनेजर नव्या मुलींना तिचं उदाहरण द्यायचा. "शिका जरा. किती समंजस बाई! तोंडातून ब्र काढत नाही." ब्र काढायला वरचे दात लागत नाहीत, पण पुढचं सगळं काढायला लागतात, हे त्याला कोण सांगणार?

घरी वेगळी सोय झाली होती. ती तोंडासमोर हात धरून बोलायची, म्हणून पहिले दोन शब्द ऐकू आले की उरलेलं वाक्य नवरा पूर्ण करायचा. "आज मला..." "थकवा आलाय, झोप मग." तिला आज मैत्रिणीकडे जायचंय हे सांगायचं असायचं. पण हात काढून पुन्हा सगळं सांगण्यापेक्षा झोपणं सोपं होतं. काही वर्षांनी ते पहिले दोन शब्दही लागेनासे झाले. दाराशी कोणी आलं, फोन आला, दुकानात काही घ्यायचं असलं, की नवरा म्हणायचा, "तिला म्हणायचंय..." आणि मग तिला काय म्हणायचंय ते तीही इतरांच्या बरोबरीने ऐकायची.

इम्प्लांटचं काढलं मुलीने. ती औषधांच्या दुकानात काम करायची आणि अर्ध्या गावातले डॉक्टर तिला तोंडपाठ होते. "आई, असे स्क्रू बसवतात जबड्यात आणि त्यावर पक्के दात. काढायचे नाहीत, घालायचे नाहीत, ग्लासात ठेवायचे नाहीत." आईने डोळे वर करून बघितलं. "तिला भीती वाटतेय," नवरा म्हणाला. तिला भीती वाटत नव्हती. तिला फक्त विचारायचं होतं की सफरचंद चावता येतं का.

डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. त्यांनी पहिल्याच दिवशी खुर्ची खाली घेतली, मास्क काढला आणि तिच्याकडे बघून विचारलं, "काय काय त्रास होतो?"

"चावता येत नाही, डॉक्टर," मागच्या स्टुलावरून नवरा म्हणाला. "आणि चारचौघांत जायला तिला कसंतरी होतं."

डॉक्टरीणबाईंनी थोडा वेळ वाट बघितली. पण पेशंट काही बोलेना, तेव्हा त्यांनी नवऱ्याकडे मान वळवली, आणि ती पुढे तशीच वळलेली राहिली. स्कॅन झाला. दात जाऊन बरीच वर्षं झाल्यामुळे तिथलं हाड झिजलं होतं.

"जिभेला हाड नसतं हे माहीत होतं," नवरा म्हणाला. "जबड्यालाही नसतं होय?" आणि तो एकटाच हसला.

मग हाड वाढावं म्हणून तिथे पूड भरली. स्क्रू बसवले. हिरडी शिवली. स्वतः जन्मभर टाके घालणारी बाई आपल्या तोंडातले टाके जिभेने चाचपत घरी आली. स्क्रू हाडात रुजायला बरेच महिने लागणार होते आणि ते महिने नवऱ्याने फार उत्साहात घालवले. जिन्यात भेटेल त्याला तो थांबवायचा. "आम्ही इम्प्लांट करून घेतलं. तीन स्क्रू. टायटॅनियम. विमानात वापरतात ते." ऐकणारा त्याच्याच जबड्याकडे बघायचा. नवराही मग गाल थोडा आत ओढायचा.

आता स्क्रू रुजले होते, माप घेऊन झालं होतं, आणि प्रश्न उरला होता तो फक्त दात दिसायला कसे असावेत याचा. ही काही रात्री काढून ठेवायची कवळी नव्हती. हे दात एकदा पक्के बसले की बसले. ती मरेपर्यंत जे तोंड घेऊन फिरणार होती ते आता ठरायचं होतं.

फोटो सापडला नाही. ठीक आहे, डॉक्टरांना सांगू, म्हणून ती त्या रात्री झोपली.

मेणातले दात लावून बघायचा दिवस आला. पक्के दात भट्टीत भाजायच्या आधी ते मेणात रोवून, तात्पुरते अडकवून दाखवतात. काही हलवायचं असलं तर तेव्हाच हलवता येतं. ती खुर्चीत बसली, डॉक्टरीणबाईंनी तिचा ओठ उचलला, काहीतरी गार आणि गुळगुळीत आत बसवलं आणि हातात आरसा दिला.

आरशात दात होते. पांढरे, पण फार नाही. चांगले होते. आणि मधोमध एक फट होती.

तिने आरसा खाली केला.

"यजमानांनी फोन करून सांगितलं होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमची ओळखच होती म्हणे ती. आम्ही मुद्दाम मोजून ठेवली. हल्ली लोक अशा फटी बुजवून घेतात, मला तर बरं वाटलं. आता एक वाक्य म्हणा बघू: पाच चमचे साखर."

दातांच्या दवाखान्यात साखरेचं वाक्य का, हे विचारायची ही वेळ नव्हती. कोणत्या अक्षरात हवा सुटते ते त्यातून कळतं. "पाच चमचे साखर," ती म्हणाली. पाचमधला च फटीतून शीळ घालत गेला. हात तोंडाकडे गेला होता, पण वाटेत थांबला. झाकण्यासारखं आता तिथे काही नव्हतं. नुसतं परकं काहीतरी होतं.

तिने मान वळवून मागे नवऱ्याकडे बघितलं.

तो बघत होता. स्टुलाच्या टोकावर पुढे सरकून, हात गुडघ्यांवर ठेवून, तोंड अर्धवट उघडं टाकून बघत होता. इतकं मऊ तोंड तिने त्याचं फार वर्षांत पाहिलं नव्हतं. खरं म्हणजे तिला आठवेना, कधी पाहिलं होतं का. "होती की नाही?" तो हळूच म्हणाला. "हीच ती." आणि त्याने खिशातून मोबाइल काढून तिचा फोटो काढला. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्याने फक्त तिचा म्हणून काढलेला हा पहिला फोटो होता.

ती त्याच्याकडे बघत राहिली. आपल्याकडे कोणी असं बघावं हे कोणत्या बाईला आवडणार नाही? तिलाही क्षणभर आवडलं. मग वाटलं, हे बघणं आपल्यापर्यंत पोचत नाहीये. अलीकडेच कुठेतरी थांबतंय.

"दोन दिवस विचार करा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या नवऱ्याला म्हणाल्या.

संध्याकाळी अक्का आल्या आल्या नवऱ्याने मोबाइल तिच्या नाकासमोर धरला. "बघ! म्हणे फट नसावी. आता बोल."

अक्काने चष्मा वर केला, खाली केला, मोबाइल लांब धरला.

"अरे," ती म्हणाली, "ही तर आपली स्टेशनरीवाली!"

"कोण स्टेशनरीवाली?" मुलीने विचारलं.

अक्काच्या तोंडात तीळ भिजत नसे. शिवाय ही गोष्ट लपवण्यासारखी आहे असं तिला प्रामाणिकपणे वाटलं नाही. "अगं, आमच्या जुन्या घराच्या कोपऱ्यावर वह्या-पेन्सिलींचं दुकान होतं. तिथे एक मुलगी बसायची. हसली की मधोमध ही एवढी फट. तुझा बाप रोज तिच्याकडून एक पेन्सिल आणायचा. घरात लिहिणारं कोणी नव्हतं! शेवटी आईने त्या पेन्सिली चुलीजवळ ठेवल्या, पेटवायला."

"काहीतरीच काय, अक्का," नवरा म्हणाला.

"काहीतरी कसं? पुढे दुकान बंद झालं, ते लोक कुठे गेले कोणास ठाऊक. आठवडाभर तू धड जेवला नाहीस. आईला वाटलं, कावीळ झाली."

मुलगी हसायला लागली होती. ती मध्येच थांबली आणि आईकडे बघायला लागली.

नवऱ्याचे कान लाल झाले होते. पण त्याच्या चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्याचा भाव नव्हता. हरवलेला भाव होता. मोबाइल परत हातात घेऊन तो त्या फोटोकडे बघत होता, कुठल्याशा मीटरचा आकडा त्याने आयुष्यभर चुकीच्या घराच्या नावावर लिहिला होता आणि ते आत्ता कळलं होतं, तसं. "मला खरंच वाटलं..." तो म्हणाला. "देवाशपथ. मला हिचीच वाटली."

तो खोटं बोलत नव्हता, हे तिला दिसत होतं. खोटं बोलला असता तर बरं झालं असतं. लपवलेली बाई निदान वेगळी तरी ठेवलेली असते. याने दोघींची मोट बांधली होती आणि वरचं तोंड दुसरीचं ठेवलं होतं.

तिने चहा गाळला. अक्काला दिला, मुलीला दिला, त्याच्यासमोर ठेवला. मग विचारलं, "नाव काय होतं तिचं?"

"कोणाचं?"

"तिचं."

नवऱ्याने कप जागच्या जागी फिरवला. "विचारायचं कधी जमलंच नाही," तो म्हणाला.

अक्का पहिल्यांदाच एक कप चहावर उठली.

सकाळी ती कामाला निघत होती तेव्हा नवरा गॅलरीतून फोनवर बोलत होता. आवाज ऑफिसातला होता. "हो, हो, डॉक्टर. फट नको. पूर्ण बुजवा. एकदम सरळ, एकसारखे, एका ओळीत. हो, तिचंच म्हणणं आहे." फोन ठेवून तो आत आला आणि हात झटकत म्हणाला, "झालं. मिटवून टाकलं. आता तू डोक्यात काही ठेवू नकोस."

"मी कधी म्हणाले फट नको?"

"तूच तर म्हणत होतीस! पहिल्यापासून! नव्हती, नव्हती म्हणून घसा कोरडा केलास!"

तेही खरंच होतं. ती चपला घालून जिना उतरली.

दिवसभर दुकानात गर्दी होती. तिने पँटी दुमडल्या, एका बाईच्या झग्याची कंबर आत घेतली, दोन झिपा बदलल्या, आणि डोक्यात तेच. फट ठेवली तर ती स्टेशनरीवालीची. बुजवली तर ती नवऱ्याच्या अपराधी मनाची. दोन्हीकडे फोन त्याचाच. आपण म्हणायचो नव्हती, पण म्हणजे होतं काय? आपले स्वतःचे दात कसे होते, ते काही आपण सांगितलं नाही. कोणी विचारलंही नाही. नव्हती की होती, एवढंच चाललं होतं.

आणि मग तिला जाणवलं की तिलाही ते आठवत नाही.

दिवसाचे आठ तास ती मोठ्या आरशासमोर असायची. पण गुडघ्यांवर. आरशाच्या खालच्या भागात तिला लोकांचे पाय दिसायचे, वरच्या भागात लोकांना लोक दिसायचे. स्वतःचं तोंड उघडून, दात विचकून, ती त्या आरशासमोर कधी उभी राहिली नव्हती. दात होते तेव्हाही नाही. तिने डोळे मिटून स्वतःचा जुना चेहरा आठवायचा प्रयत्न केला तेव्हा समोर आला तो फोटोतला, टाचण्यांचा.

"बाई, टोचतंय," गिऱ्हाईक वरून म्हणालं.

ती दचकली. जीभ नेहमीसारखी वर गेली होती, रिकाम्या जागेत. आणि जाताना डावीकडे गेली होती. सरळ नाही, थोडी डावीकडे. तिथे टेकायला काहीतरी असायचं. तिने टाचणी काढून परत नीट लावली आणि जिभेला पुन्हा सोडून दिलं, जसं सवयीने जाईल तसं. परत डावीकडे. मधल्या दोनांतला डावा दात शेजारच्याच्या थोडा पुढे यायचा, त्याच्यावर चढल्यासारखा. त्याची एक कड जिभेच्या टोकाला लागायची. लहानपणी परीक्षेच्या वेळी ती त्या कडेवर जीभ घासत बसायची, टोक हुळहुळायला लागेपर्यंत. आई ओरडायची, तेही आता आठवलं.

या गोष्टीला जगात साक्षीदार एकच होता, आणि तो तिच्या तोंडातच होता. पण तिला खात्री वाटली. इतकी खात्री तिला या सगळ्या प्रकरणात कशाचीच वाटली नव्हती.

जेवणाच्या सुट्टीत तिने टाचण्या डबीत ठेवल्या आणि दवाखान्यात गेली.

"या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि तिच्यामागे दाराकडे बघितलं. "यजमान गाडी लावतायत?"

"ते आले नाहीत."

"त्यांचा सकाळी फोन आला होता. आम्ही लॅबला कळवतोय, फट बुजवायची."

"फट बुजवा," ती म्हणाली. हात तोंडाकडे निघाला. तिने तो खुर्चीच्या दांड्यावर ठेवला आणि तिथेच धरून ठेवला. "पण सरळ नको. डावा वाकडा पाहिजे."

"वाकडा?"

"मधल्यातला डावा. शेजारच्याच्या थोडा पुढे."

दात नसलेल्या तोंडातून हे सगळं हवेसकट बाहेर आलं. डॉक्टरीणबाईंना दोनदा विचारावं लागलं आणि तिने दोनदा सांगितलं. वाक्य पूर्ण करायला मागच्या स्टुलावर कोणी नव्हतं.

"आमच्याकडे लोक वाकडे दात सरळ करून घ्यायला येतात हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"माहीत आहे."

"फोटो सापडला का?"

"नाही."

"मग किती वाकडा, ते कसं कळणार?"

"तुम्ही फिरवा. मी सांगते."

डॉक्टरीणबाईंनी थोडा विचार केला. मग मेणातले दात बाहेर काढले, मदतनीस मुलीला दिवा पेटवायला सांगितलं, बारीकसा चमचा गरम केला आणि मधली फट मिटवून डावा दात किंचित वळवला. तोंडात लावला. तिने डोळे मिटले, जीभ सोडली. "अजून." बाहेर काढला, वळवला, लावला. "थोडा जास्त झाला." पुन्हा. दाराबाहेर कोणीतरी खोकलं, पुढचा पेशंट ताटकळत होता. डॉक्टरीणबाईंनी घड्याळाकडे बघितलं आणि चमचा पुन्हा गरम केला. फिटिंग करून घेणाऱ्या बाजूला ती जन्मात पहिल्यांदाच बसली होती आणि गिऱ्हाइकं एवढी का छळतात हे तिला आता समजत होतं.

एकदा लावला आणि जिभेला ती कड लागली.

तिने डोळे उघडले. मान हलवली. डॉक्टरीणबाईंनी आरसा पुढे केला. आरशात एक मध्यमवयीन बाई होती, दमलेली, डाव्या बाजूला एक दात जरा पुढे काढून बसलेली. सुंदर वगैरे काही नव्हती. ओळखीची होती.

"पाच चमचे साखर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"पाच चमचे साखर," ती म्हणाली, आणि पाचमधला च जिथे लागायचा तिथे लागला.

संध्याकाळी टेबलाशी तिघंही होते. अक्का कालचं सगळं पोटात घालून, म्हणजे आणखी काही ऐकायला मिळेल या आशेने, पुन्हा आली होती. कामावरून आल्यावर तिने हात धुतले, खुर्ची ओढली आणि तिघांना सांगितलं की दवाखान्यात जाऊन आले, डावा दात वाकडा करायला सांगितला.

फोटोंच्या त्या संध्याकाळपासून घरात पहिल्यांदाच तिघांचं एकमत झालं.

"आई, वेड लागलंय का? एवढे महिने, एवढ्या चकरा, आणि शेवटी वाकडा दात?"

"लोक म्हणतील, डॉक्टरने बिघडवला," अक्का म्हणाली. "तुझा वाकडा होता हेच मला नवीन. मी तुला लग्नापासून बघतेय."

"होता," ती म्हणाली. तोंडासमोर हात नव्हता, म्हणून शब्द फुटले, हवेत गेले, पण कळले.

नवरा पुढे वाकला. आवाज मवाळ होता, समजुतीचा. "हे बघ, कालच्या गोष्टीचा राग आलाय तुला. मी समजू शकतो. रागाच्या भरात कायमचं काही करू नये. मी उद्या डॉक्टरांशी बोलतो, त्यांना सांगतो की तिला म्हणायचंय..."

"काय म्हणायचंय मला?"

त्याने तोंड उघडलं. सवयीने पुढचं वाक्य यायला हवं होतं. आलं नाही.

"वाकडा कधी होता गं?" तो शेवटी म्हणाला. "मी तर कधी पाहिला नाही."

"माहीत आहे," ती म्हणाली. मग तिने पाण्याचा ग्लास पुढे ओढला आणि तिघांनाही ऐकू जाईल अशा बेताने, सावकाश सांगितलं:

"डावा दात वाकडाच बसणार. पुढच्या आठवड्यात पक्के होतील. त्या दिवशी मी एकटी जाणार आहे. आणि दवाखान्यात आता कोणी फोन करायचा नाही. माझ्या तोंडाबद्दल माझ्याशिवाय कोणाचं ऐकायचं नाही, असं मी डॉक्टरांना सांगून आले आहे."